हॅम्पडनच्या म्हाताऱ्यांचं ऐकून घ्या: स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि पदाधिकारी,
स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन,
हॅम्पडन पार्क, ग्लासगो

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘याला नेमकं हवंय तरी काय’ असं व्हायला नको. स्कॉटिश कपच्या जुन्या फायनल ज्यांनी मैदानात उभं राहून पाहिल्या, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात आणि त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून ठेवा. काम याच वर्षी सुरू करा. १९५६ ला एडिनबऱ्याच्या हार्ट्सने ग्लासगोच्या सेल्टिकला ३-१ हरवलं तेव्हा वडिलांचं बोट धरून आलेला दहा वर्षांचा मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. १९३७ ची फायनल पाहिलेलं माणूस तर आता शोधूनही सापडायचं नाही. सेल्टिकने अबर्डीनला २-१ हरवलं त्या दिवशी हॅम्पडनवर १,४७,३६५ माणसं होती. युरोपात क्लबांच्या सामन्याला एवढी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. त्या दीड लाखांतल्या किती जणांचं बोलणं आपल्याकडे नोंदलेलं आहे?

इंग्रजी पत्र तुम्हाला वेगळं पोचेलच. हे मराठीत लिहितोय ते इथल्या आपल्या लोकांनीही वाचावं म्हणून. ग्लासगो, एडिनबरा, डंडी, अबर्डीन, सगळीकडे मराठी मंडळी आहेत. कुणी शिकायला आलं, कुणी हॉस्पिटलात, कुणी तेलाच्या कामावर. यातले बहुतेक जण शनिवार-रविवार इंग्लंडची प्रीमियर लीग बघतात आणि घराशेजारी दीडशे वर्षं चाललेला हा कप त्यांच्या गावीही नसतो. त्यांना सांगायला हवं, की १८७४ मध्ये क्वीन्स पार्कने क्लाइड्सडेलला २-० हरवून जो चषक उचलला, तोच चषक आजही फायनलच्या दिवशी मैदानात येतो. इंग्लंडची एफए कप स्पर्धा वयाने मोठी आहे, पण त्यांचा मूळ चषक केव्हाच चोरीला गेला. राष्ट्रीय स्पर्धेचा इतका जुना चषक जगात दुसरा नाही. तो तुमच्या संग्रहालयात काचेमागे नीट सांभाळलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. चांदी सांभाळलीत तशी माणसंही सांभाळा, एवढंच म्हणतोय.

मी हॅम्पडनला लागून असलेल्या माउंट फ्लोरिडाच्या बाजूला राहतो. फुटबॉलच्या आठवणींचा जो उपक्रम अल्झायमर स्कॉटलंड ही विस्मरणाच्या आजारावर काम करणारी संस्था आणि तुमचं संग्रहालय मिळून चालवतं, तशा एका गटात मदतीला जातो. चहा-बिस्किटं मांडायची, जुने फोटो टेबलावर पसरायचे आणि मग गप्प बसून ऐकायचं, एवढंच माझं काम. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारे एक आजोबा आहेत. १९६१ च्या डनफर्मलिनचा फोटो समोर आला की गोलकीपर कॉनाखनपासून सुरुवात करून ते सगळा संघ घडाघडा म्हणतात. पहिला सामना ०-० सुटला, बुधवारी पुन्हा खेळला, कॉनाखनने सेल्टिकला एक गोल म्हणून करू दिला नाही, आणि डनफर्मलिनने २-० ने कप नेला. मॅनेजर होते जॉक स्टीन. पुढे चारच वर्षांनी हेच स्टीन सेल्टिकचे मॅनेजर होऊन हॅम्पडनवर आले, आणि समोर संघ कोणता? डनफर्मलिन. सेल्टिकची दोनदा मागे पडून दोनदा बर्टी ऑल्डच्या गोलने बरोबरी, आणि नऊ मिनिटं उरली असताना चार्ली गॅलाघरचा कॉर्नर, बिली मॅकनीलचा हेडर, ३-२. सेल्टिकवाले सांगतात की लिस्बनचा, म्हणजे १९६७ ला तिथे जिंकलेल्या युरोपियन कपचा, रस्ता तिथून सुरू झाला. डनफर्मलिनचे आजोबा हे ऐकलं की खिडकीबाहेर बघायला लागतात. साठ वर्षं झाली, पण स्टीन आमचाच होता हे त्यांचं म्हणणं कायम आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुस्तकांत आहेच. गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला मारला, हे आहे, मान्य. पण ही माणसं बोलायला लागली की गोलाची पाळी फार उशिरा येते. आधी येतं ते ‘मला उचलून आत घ्या ना, काका’ असं फाटकाच्या फिरत्या दांड्यापाशी उभं राहून अनोळखी माणसाला म्हणणं. तिकिटाला पैसे नसलेल्या पोराला कुणीतरी बखोटीला धरून दांड्यावरून आत सोडायचं, आणि फाटकावरचा माणूस दुसरीकडे बघायचा. मग येतात मॅकरून बार आणि च्युइंग गम विकणारे, त्यांची ती ठरलेली आरोळी. राख आणि मातीच्या पायऱ्या, कडेला लाकडी ओंडके, कोरड्या दिवशी सगळे एकदम उडाले की नाकातोंडात जाणारी धूळ. पुढच्या उंच माणसाच्या कोटाचं कापड. ‘सामना दिसला का?’ असं विचारलं तर एकजण हसून म्हणाले, अर्धा दिसला, अर्धा ऐकला. हे कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखवा.

(एक गंमतही सांगतो. १९७३ च्या फायनलला ‘मी होतो’ म्हणणारे इतके भेटलेत, की ते सगळे खरं बोलत असतील तर हॅम्पडनला आणखी एक मजला हवा होता.)

ती १९७३ ची फायनल म्हणजे ग्लासगोच्याच दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांची, रेंजर्स ३, सेल्टिक २, आणि १,२२,७१४ प्रेक्षक. डेरेक जॉनस्टोनचा हेडर खांबाला लागला, चेंडू गोलरेषेवरून दुसऱ्या खांबाकडे घरंगळला, आणि टॉम फोर्सिथने तो बुटाच्या तळव्याने आत ढकलला. फूटभर अंतरसुद्धा नव्हतं. तो बूट जवळजवळ चुकला होता, हे सांगताना रेंजर्सवाले आजही जागच्या जागी पाय हलवून दाखवतात. त्याच सामन्यात रेंजर्सचा दुसरा गोल ॲल्फी कॉनचा. त्याचे वडील, तेही ॲल्फी कॉनच, १९५६ ला हार्ट्सकडून सेल्टिकविरुद्ध गोल मारून गेलेले. आणि धाकटा ॲल्फी चार वर्षांनी सेल्टिकच्या हिरव्या-पांढऱ्यात उतरून रेंजर्सविरुद्धच कप जिंकला. बापलेकांत तीन क्लबांचे तीन कप. आमच्या टेबलावर कॉन हे आडनाव निघालं की रेंजर्सवाले आणि सेल्टिकवाले दोघंही खुर्ची पुढे ओढतात. त्याच्याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, आणि प्रत्येकाचं ठाम.

तुम्हाला रेंजर्स-सेल्टिकच्या पलीकडचं ऐकायचं असेल तर १९५५ ते १९६१ ही वर्षं काढा. क्लाइड, हार्ट्स, फॉल्कर्क, पुन्हा क्लाइड, सेंट मिरेन, रेंजर्स, डनफर्मलिन. सात वर्षांत सहा वेगळे क्लब, आणि तीन वेळा फायनलला येऊनही सेल्टिकच्या हाती एकदाही कप नाही. त्या काळात पेझ्लीच्या (सेंट मिरेनचं गाव) किंवा फॉल्कर्कच्या पोराला ‘यंदा आपण जिंकू’ असं वाटणं हा वेडेपणा नव्हता. फॉल्कर्कने १९५७ ला किलमार्नॉकला हरवलं, तेही पुन्हा खेळलेल्या सामन्यात. आमच्या गटातले फॉल्कर्कचे आजोबा याबद्दल इतकं बोलतात, की पुढच्या माणसाला बोलू द्या म्हणून त्यांना हाताने खूण करावी लागते.

आणि जे क्लब उरलेच नाहीत, त्यांचं काय? हॅम्पडनपासून चालत जाण्याच्या अंतरावर कॅथकिन पार्क आहे. थर्ड लॅनार्कचं मैदान. १८८९ आणि १९०५ चे विजेते. १९६७ ला क्लब बुडाला. मैदानाच्या पायऱ्या अजून झाडांमध्ये आहेत, लोक तिथे कुत्री फिरवतात. थर्ड लॅनार्कला मैदानात ओरडून पाठिंबा दिलेला माणूस आज किमान पासष्टी ओलांडलेला असणार. त्याच्या बाजूने तुम्हाला पत्र लिहायला क्लबच शिल्लक नाही, म्हणून मी लिहितोय.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त ऐकावीशी वाटते ती १९९१ ची गोष्ट. मदरवेल ४, डंडी युनायटेड ३, जादा वेळेत. मदरवेलचे मॅनेजर टॉमी मॅक्लीन, युनायटेडचे जिम मॅक्लीन. सख्खे भाऊ. सामन्याच्या तोंडावर त्यांचे वडील गेले. घरात सुतक आणि दोघं भाऊ हॅम्पडनच्या दोन बाकांवर. मदरवेलचा गोलकीपर ॲली मॅक्सवेल एका धडकेत जबर जखमी झाला. बरगड्या मोडल्या, प्लीहा फाटली, पण तो उठून खेळत राहिला. मदरवेल ३-१ ने पुढे होतं, युनायटेडने ३-३ केलं, बरोबरीचा गोल अगदी शेवटच्या क्षणी, आणि मग बदली आलेल्या स्टीव्ह कर्कने जादा वेळेत हेडर मारून सामना संपवला. मदरवेलच्या त्या चारांतला एक गोल फिल ओडॉनेलचा, तेव्हा तो पोरसवदा होता. २००७ ला मदरवेलच्याच मैदानावर, सामना चालू असताना तो कोसळला आणि गेला. म्हणून मदरवेलचे लोक त्या गोलाबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणतात. १९९१ सांगताना त्यांना २००७ टाळता येत नाही.

जिम मॅक्लीन यांची ही सहावी हरलेली फायनल होती: १९७४, १९८१, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९१. त्यांनी डंडी युनायटेडला स्कॉटलंडचा लीगविजेता केलं, युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत नेलं, पण हा कप त्यांच्या हाती लागलाच नाही. ते पायउतार झाल्यावर पुढच्याच मोसमात, १९९४ ला, इवान गोलॅक यांच्या हाताखाली युनायटेडने रेंजर्सला १-० हरवलं. आणि गोल कसा? रेंजर्सच्या बचावपटूने मागे दिलेला पास, गोलकीपरने घाईत मारलेला चेंडू ख्रिश्चन डेलीला लागला, डेलीचा फटका खांबावर आदळला, क्रेग ब्रूस्टरने रिकाम्या गोलात सारला. तो गोलकीपर कोण होता, तर तोच ॲली मॅक्सवेल, आता रेंजर्सकडे आलेला. युनायटेडच्या लोकांच्या लेखी तीन वर्षांची उधारी त्याच माणसाने फेडली. असली कथा कुणी रचून आणली असती तर मी त्याला म्हटलं असतं, जरा आवर.

फक्त गोड गोड आठवणी गोळा करा असं मी म्हणत नाही. १९०९ ला सेल्टिक-रेंजर्सचा पुन्हा खेळलेला सामनाही बरोबरीत सुटला, जादा वेळ खेळवणार अशी लोकांची समजूत होती, ती खेळवली नाही आणि हॅम्पडनवर जाळपोळ झाली. त्या वर्षी कप कुणालाच दिला नाही. त्याचे साक्षीदार आता नाहीत. पण १९८० चे आहेत. जॉर्ज मॅक्लस्कीच्या गोलावर सेल्टिकने रेंजर्सला १-० हरवलं, लोक मैदानात उतरले, समोरून दुसरे उतरले, बाटल्या उडाल्या आणि घोडेस्वार पोलीस आत आले. त्यानंतर आलेल्या कायद्याने स्कॉटलंडच्या मैदानांत दारूबंदी झाली, ती सामान्य प्रेक्षकांसाठी आजही आहे. त्या दिवशी मैदानात धावलेला वीस वर्षांचा पोरगा आज पासष्टचा आहे. त्याला विचारा, का धावलास? त्या द्वेषाच्या गाण्यांबद्दल विचारा, सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा म्हणून धर्मावरून दिलेल्या शिव्यांबद्दल विचारा. दोन-चार जण खरं बोलतील. संग्रहालयाच्या भिंतीवर ते शोभणार नाही, पण जपून ठेवायला हवं.

आणि बायकांना विचारा. आमच्या टेबलाशी बहुतेक पुरुषच असतात. त्यांच्या बायका त्यांना सोडायला-न्यायला येतात आणि दारात उभ्या राहून हळूच चूक दुरुस्त करतात, ‘पाऊस त्या वर्षी नव्हता, पुढच्या वर्षी होता.’ म्हणजे त्याही तिथे होत्या! तुमच्या संघटनेने १९७० च्या दशकापर्यंत बायकांच्या फुटबॉलला मान्यताच दिली नव्हती, आणि बायकांच्या स्कॉटिश कपची फायनल हॅम्पडनवर यायला २०२३ उजाडलं. निदान प्रेक्षक म्हणून त्यांनी काय पाहिलं, ते तरी उशीर न करता लिहून घ्या.

हिब्सचं, म्हणजे एडिनबऱ्याच्या हिबर्नियन क्लबचं, सांगितल्याशिवाय हे पत्र एडिनबऱ्यात वाचणार नाहीत. १९०२ नंतर ११४ वर्षं, मध्ये दहा फायनल हरलेल्या. त्यातली २०१२ ची तर शेजारच्या हार्ट्सकडून, ५-१. मग २१ मे २०१६, रेंजर्सविरुद्ध २-२, भरपाईची वेळ चालू, लियम हेंडरसनचा कॉर्नर आणि कप्तान डेव्हिड ग्रेचा हेडर. लोक मैदानात घुसले, कप द्यायला उशीर झाला, त्यावर चौकशीही बसली, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण नंतर अर्धं स्टेडियम रिकामं झालेलं असताना हिब्सच्या बाजूने लीथच्या उन्हाचं ते गाणं (‘सनशाइन ऑन लीथ’; लीथ म्हणजे हिब्सचा भाग) उठलं, तेव्हा बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडणारी मोठी माणसं सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली. दुसऱ्या दिवशी कित्येक जण आधी कबरस्तानात गेले, आजोबांच्या दगडाला हिरवा स्कार्फ बांधला आणि मग मिरवणुकीला गेले. २०१६ च्या आठवणी ताज्या आहेत, घाई नाही असं वाटेल. पण त्या दिवशी ज्या नव्वदीच्या हिब्सवाल्यांना व्हीलचेअरवरून आणलं होतं, त्यांच्या बाबतीत घाई होती.

यातूनच दुसरी मागणी निघते, छोटी आहे. फायनल शनिवारी दुपारी तीनला खेळवा. त्याला हात लावू नका. २०२३ ला इंग्लंडची फायनल त्याच दिवशी आली म्हणून तुमची संध्याकाळी साडेपाचला ढकलली. सेल्टिकसमोर संघ होता इन्व्हर्नेसचा, आणि ग्लासगोहून इन्व्हर्नेस साडेतीन तासांवर. तिथल्या लोकांनी विचारलं की परतायचं कसं, आणि ते विचारणं रास्त होतं. शेजारच्या घरी पाहुणे आले म्हणून आपण आपल्या घरचं लग्न पुढे ढकलत नाही. २०२० ची फायनल डिसेंबरमध्ये रिकाम्या स्टेडियमात झाली, तिचं कारण महामारी होतं, त्याला इलाज नव्हता. सेल्टिक-हार्ट्स ३-३, पेनल्टीवर निकाल, एरवी लोकांनी नातवंडांना सांगितला असता असा सामना. आमच्या गटात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. घरी सोफ्यावर बसून पाहिलेल्या सामन्याचं काय सांगणार, असं एकाने मला ऐकवलं.

जुन्या सामन्यांची चित्रफीत हा तिसरा मुद्दा. हक्क वाहिन्यांकडे असतील, पैशांचा प्रश्न असेल, ते समजतं. पण लोकांना फक्त गोल नकोत. १९९० ला अबर्डीन-सेल्टिकची पेनल्टी ९-८ पर्यंत गेली. अबर्डीनचा गोलकीपर स्नेल्डर्सने सेल्टिकच्या अँटन रोगनचा फटका अडवला, ब्रायन अर्विनने पुढचा मारला. तीन मिनिटांच्या तुकड्यात हे बसतं, पण त्याआधीचे दोन तास बसत नाहीत. गोलच नव्हते, तरी लोकांचे चेहरे, गाणी, घड्याळाकडे बघणं, सगळं त्या दोन तासांत आहे. मे २०२५ मध्ये अबर्डीनने पुन्हा सेल्टिकलाच पुन्हा पेनल्टीवर हरवलं, पस्तीस वर्षांनी, तेव्हा तिथल्या किती घरांत बाप मुलाला ‘हे तर आम्ही आधी पाहिलंय’ म्हणाला असेल. त्या मुलाला १९९० चा पूर्ण सामना पाहता यायला नको? वाहिन्यांशी बोलणी करायची ती तुम्हीच करू शकता.

तुम्हाला वाटेल, या बाहेरून आलेल्या माणसाला एवढी कळकळ कशासाठी. एक कारण आहे. माझ्या मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ पासूनचा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचा, १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा हिंदुस्थानी संघाच्या हाती आणला, आणि पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान, हैदराबाद पोलीस यांनी गाजवला. २०००-०१ नंतर तो बंद पडला. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून तो पाहिलेली पिढी एकेक करून चालली आहे आणि त्यांचं बोलणं कुणी टिपून ठेवलेलं मला तरी आढळलं नाही. फुटबॉल आमच्याकडे आणणाऱ्यांत तुमचे लोकही होते. १८८८ ची पहिली ड्युरंड कप फायनल दोन स्कॉटिश पलटणींतच झाली होती. आमच्याकडे कपच गेला. तुमच्याकडे कप आहे, स्टेडियम तुमच्या मालकीचं आहे, त्याच इमारतीत संग्रहालय आहे आणि गावोगावी आठवणींचे गट आधीच चालू आहेत. एक खोली, एक बरा मायक्रोफोन आणि ऐकून घेणारं माणूस, एवढंच कमी आहे.

रेकॉर्डिंग करताना बोली सुधारू नका. फाइफच्या माणसाला फाइफचंच बोलू द्या, अबर्डीनच्याला अबर्डीनचं. निकाल चुकीचा सांगितला तर मध्येच टोकू नका, खाली टीप द्या. प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत त्या माणसाच्या घरच्यांना द्या.

आमच्या गटातले काही जण बोलायला तयार आहेत, घरच्यांची संमती मी घेऊन ठेवली आहे. फॉल्कर्कच्या आजोबांना दुपारनंतर थकवा येतो, तेव्हा त्यांना सकाळी अकराची वेळ द्यावी. डनफर्मलिनच्या आणि सेल्टिकच्या आजोबांना एकाच दिवशी बोलावू नये, ही विनंती त्यांची नसून माझी आहे.

आपला,
माउंट फ्लोरिडाचा एक मराठी रहिवासी